करडी, उजवा क्रँक आखूड

लाल. पुढचं चाक ताटाएवढं, मागचं नेहमीचं. पुढे टोपली, टोपलीत पाव. दोन मार्क.

नवऱ्याच्या खाकी पँटची उजव्या गुडघ्यावरची इस्त्री पाच दिवस झाले तरी मोडलेली नाही.

"वार्षिक वैद्यकीय तपासणी सोळा तारखेला सकाळी दहा वाजता. उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नाही. चष्मा असल्यास सोबत आणावा."

दोन हँडलं, सीट एकच. मागचं हँडल कशासाठी, कुणाला कळलं नाही. तीन मार्क आणि एक प्रश्नचिन्ह.

"सायकल विकली."
"कुणाला?"
"एकाला."

हिरवी. चेनकव्हरच्या जागी बिस्किटाचा डबा कापून ठोकलाय. एक मार्क. इस्त्रीवाल्याच्या मते दीड.

जिना उतरताना दर पायरीला आधी उजवा पाय, मग डावा त्याच्याशेजारी. लहान मुलं उतरतात तसा.

करडी. उजवा क्रँक डाव्याहून चार बोटं आखूड. बाकी सगळं साधं. चार मार्क.

ही शेवटची नोंद माझ्या हातची नाही. असायला हवी होती, कारण ती सायकल सगळ्यात आधी मी पाहिली.

*

नीट सांगते.

मी एका लाँड्रीत अल्टरचं काम करते. पँट आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला. माझं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकी चौकावर. दिवसभर मान खाली घालून शिवायचं म्हटलं तर मान मोडेल, म्हणून मी दर दहा मिनिटांनी बाहेर बघते. बाहेर सायकली जातात. त्यातल्या काही चमत्कारिक असतात. एकदा मी इस्त्रीवाल्याला म्हटलं, "काका, ती बघा, हँडल उलटं बसवलंय." तो म्हणाला, "पोरी, लिहून ठेव, नाहीतर संध्याकाळी मलाच खोटं वाटेल." अशी वही सुरू झाली.

वही काउंटरच्या बाजूला खिळ्याला टांगलेली असते. पेन दोरीने बांधलेलं. पानावर चार रकाने: माझा, इस्त्रीवाल्याचा (त्याला सगळे वाफकाका म्हणतात), समोरच्या औषधवाल्याचा, आणि डॉक्टरांचा. ज्याला सायकल आधी दिसली तो वर्णन लिहितो आणि मार्क घेतो. बाकीच्यांना नंतर दिसली की आपापल्या रकान्यात खूण करायची, जागा लिहायची, अर्धे मार्क घ्यायचे. नियम एकच, आणि तो मी केलेला: माणूस लिहायचा नाही. सायकल लिहायची.

डॉक्टर म्हणजे बस डेपोचे डॉक्टर. दर गुरुवारी स्वतःचे पांढरे कोट धुवायला आणतात. या खेळाचं सगळ्यात जास्त वेड त्यांनाच. उरलेला आठवडा ते ड्रायव्हर तपासतात: डोळे, कान, रक्तदाब, आणि गुडघा. गुडघा किती अंशांत वाकतो ते एका प्लास्टिकच्या पट्टीने मोजतात. कमी भरला तर चाक जातं. चाक गेलेला ड्रायव्हर पार्सल खिडकीवर बसतो.

माझा नवरा बस चालवतो. एकोणीस वर्षं. दुसरं काही त्याला येत नाही आणि शिकायचंही नाही.

*

सोमवार, दुपारचे तीन. मी एका जाडजूड गृहस्थांच्या पँटची चेन उसवत होते. मान वर केली तर औषधवाल्याच्या खांबाला करडी सायकल टेकवलेली.

पहिल्या नजरेत काहीच नाही. घंटी, मडगार्ड, कॅरियर, सगळं जिथल्या तिथे. पण काहीतरी खुपत होतं. शिवणीत एक टाका तिरका पडला की कळतं, कुठला ते नंतर सापडतं, तसं. मग सापडलं. पॅडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक. डावा नेहमीएवढा. उजवा कापून, वेल्डिंग करून, आखूड केलेला. काम सफाईचं होतं, घाईचं नव्हतं.

कशाला करेल कुणी असं? मोठ्या वर्तुळात फिरताना पाय जास्त वर येतो, गुडघा जास्त वाकतो. लहान वर्तुळात कमी. म्हणजे ही सायकल अशा माणसाची, ज्याचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही.

मी वहीकडे हात नेला. पेन ओढलं. दोरी ताणली गेली.

माझ्या टेबलावर शिवायच्या ढिगात सगळ्यात वर नवऱ्याची खाकी पँट होती. डाव्या गुडघ्यावर कापड फुगून पोक आलेलं. उजवा कागदासारखा सपाट.

पेन सोडलं. ते दोरीला लोंबकळत राहिलं, भिंतीवर टकटक करत. टाका घातला तोवर चौकात सायकल नव्हती. कोण घेऊन गेलं, दिसलं नाही.

*

गुरुवार. डॉक्टर कोट घेऊन आले.

"ताई, करडी दिसली का?"

"कुठली?"

"उजवा क्रँक आखूड. वाफकाकांनी मंगळवारी पकडली, हे बघा, चार मार्क. मी दोनदा पाहिली. औषधवाल्याने एकदा, आणि त्याला तर चष्मा काढला की बससुद्धा दिसत नाही."

"मी कामात होते."

"तुम्ही? मागच्या महिन्यात एका दिवसात सहा सायकली! दोन हँडलांवाली पळती पकडलीत तुम्ही."

"शाळा उघडतायत डॉक्टर," वाफकाका इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाला. "पोरांच्या चड्ड्यांत बुडालीय ती. बुडालेल्याला सायकल दिसत नाही."

डॉक्टर हसले. पावती खिशात घातली. दारातून वळून म्हणाले, "घरी सगळं ठीक ना?"

*

घरी सगळं ठीक ना. हे ते नेहमी विचारतात की आजच विचारलं? मागच्या गुरुवारी विचारलं होतं का? वाफकाकाने माझी बाजू का घेतली? त्याला काय पडलीय? नवऱ्याच्या पँटला इस्त्री तोच करतो. पाच पाच दिवस न मोडणारी इस्त्री आपल्याच हातची म्हणून तो खूश होणारा माणूस आहे का? आणि "बुडालेल्याला" म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं का? औषधवाल्याकडून नवरा मलमाची ट्यूब नेतो का? नेत असेल तर औषधवाला सांगेल का? मी विचारलं तर "का विचारता" असं तो विचारेल का?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी तर अजून काही चोरलंही नव्हतं. फक्त एक खूण केली नव्हती.

*

प्रयोग पहिला, घरी. रीळ पलंगाखाली सोडलं.

"अरे, तेवढं रीळ काढून दे ना."

"तू काढ. तू बारीक आहेस."

"माझी कंबर भरलीय."

तो उठला. वाकला नाही. झाडू आणला, उलटा धरला, पलंगाखाली घातला आणि रीळ असं टोलवलं की ते सरळ माझ्या पायाशी आलं.

"कशी?" तो म्हणाला.

"छान. गुडघे टेकून काढलं असतंस तर लवकर निघालं असतं."

"गुडघे टेकायला मी काय माफी मागतोय?"

हसला. मीही हसले. दोघंही थोडं जास्तच हसलो.

"जुनी सायकल घेणारा काय म्हणतो मग?" मी विचारलं.

"कोण?"

"ज्याला विकलीस तो."

"चालवतो," तो म्हणाला. "चालवणारच की. सायकल आहे, भिंतीवर टांगणार का?"

*

प्रयोग दुसरा. त्याच्याच बसमध्ये, मागच्या सीटवर, डोक्यावरून ओढणी, आरशात दिसणार नाही अशी. मी स्टॉप मोजले. पाच स्टॉपना बस खांबाशी अचूक थांबली. सहाव्याला पुढे गेली, दीड पाऊल. उतरणाऱ्या बाईंनी काही म्हटलं नाही. दीड पाऊल म्हणजे काही नाही. कुठलाही ड्रायव्हर जातो दीड पाऊल पुढे. सातव्याला अचूक.

बसमध्ये मला धरून बेचाळीस माणसं होती. दीड पावलाचं काय करायचं हे बेचाळिसांतल्या एकटीलाच ठरवायचं होतं, आणि तिने ओढणी आणखी खाली ओढली.

*

बुधवारी मी भाकरीच्या डब्यासाठी म्हणून बाहेर पडले आणि डेपोच्या मागच्या भिंतीशी गेले. डॉक्टरांच्या रकान्यात तीच जागा लिहिलेली. करडी तिथेच होती, खिडकीखाली, कुलूप लावून.

गळ्यात टेप असतेच. सीटपासून खालच्या डाव्या पॅडलपर्यंत लावली. साडेतीस इंच.

नवऱ्याच्या पँटची आतली लांबी साडेतीस.

आता हे खरं की या गावातल्या निम्म्या पुरुषांची आतली लांबी तीस ते एकतीसच्या मधे आहे. मला माहीत आहे, मीच कापते. वाफकाकाची साडेतीस. औषधवाल्याची तीस. पुरावा म्हणून साडेतिसाला काडीची किंमत नाही.

मी पुन्हा मोजलं. साडेतीस.

लाँड्रीत परत आले आणि वहीकडे पाठ करून बसले. करडीच्या ओळीत आता सात खुणा होत्या: तीन वाफकाकाच्या, दोन डॉक्टरांच्या, दोन औषधवाल्याच्या. त्यातल्या तीन जागा "लाँड्रीच्या खिडकीसमोर." माझा रकाना कोरा.

माझा हिशेब सरळ होता. मी लिहिलं नाही तर मी त्या सायकलकडे बोट दाखवलं नाही. बोट दाखवलं नाही तर कुणी माझ्या घराकडे बघणार नाही. झाकली मूठ.

*

पंधरा तारीख, दुपार. दुसऱ्या दिवशी तपासणी.

मी नवऱ्याची चांगली खाकी पँट घेतली, उजवा पाय उलटा केला, गुडघ्यावर ओलं फडकं ठेवलं आणि माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर ताणून वरून इस्त्री दाबली. चटका बसला. पुन्हा दाबली. कापड फुगायला हवं होतं. रोज वाकणाऱ्या गुडघ्यावर फुगतं तसं.

डॉक्टर बारीक बघणारा माणूस. बिस्किटाचा डबा ओळखतो. त्याला सपाट गुडघा दिसणार नाही असं कसं होईल?

"पोरी," वाफकाका म्हणाला, "इस्त्री कापड सरळ करायला असते."

"नवी फॅशन आहे काका."

"असं." तो जवळ आला. पँट बघितली. माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली. "चटके कशाला खातेस? उशी घे." त्याने बाहीची छोटी उशी कापडात सारली, वाफ सोडली, अंगठ्याने दाबलं. दोन मिनिटांत असा गुडघा काढला की आत पाय आहे असं वाटावं. "डाव्याहून जरा कमी ठेवतो. एकदम नवा फुगवल्यासारखा दिसायला नको."

"काका, तुम्हाला काय माहीत?"

"मला काय माहीत असणार? मी इस्त्रीवाला."

*

सोळा तारीख.

साडेदहा. मशीनचा धागा तुटला.

अकरा. धागा तुटला.

सव्वाअकरा. सुई.

बाराला तो दारात. खाकी पँट. दोन्ही गुडघे फुगलेले, जुळे भाऊ.

"काय झालं?"

"पाणी दे."

"आधी सांग. पँट बघितली का त्यांनी?"

"पँट?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी दुसरीच भाषा बोलतेय. "पँट कुठे बघतायत! पँट खुंटीला. चड्डीवर स्टुलावर बसवतात. दरवर्षी."

"दरवर्षी? मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? आज डॉक्टरसमोर चड्डीवर बसून आलो, जेवायला वाढ?"

वाफकाकाने इस्त्री आपटली. मला वाटलं हसतोय. हसत नव्हता.

"तीनदा मोजला," नवरा म्हणाला. "सगळ्यांचा एकदा. माझा तीनदा."

"पहिल्यांदा?"

"पास. जेमतेम. कंबर उचलली होती मी जराशी, कळत नाही कुणाला. ते लिहायला लागले, मग थांबले. पेन खाली ठेवलं. म्हणाले, पुन्हा बघू. कंबर टेकवा. पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा स्वतः कंबरेवर हात ठेवून." त्याने ग्लास रिकामा केला. "सहा अंश कमी. उद्यापासून पार्सल खिडकी. सहा महिन्यांनी परत बोलावलंय."

गिऱ्हाईक आलं होतं. कुणाच्या तरी कोटाचं बटण. मी बटण लावलं. उलट्या बाजूला लावलं, मग काढून पुन्हा लावलं. तोवर तो गेला होता, जिन्यावर उतरतो तसा, आधी उजवा.

*

संध्याकाळी डॉक्टर. गुरुवार नव्हता. हातात कोट नव्हता.

वाफकाकाने पुढचा शर्ट पसरला. मी मशीन थांबवलं नाही.

"ताई, राग आला असेल."

"माणूस लिहायचा नाही असं ठरलं होतं."

"मी नाही लिहिला. गुडघा लिहिला."

"कुणी सांगितलं तुम्हाला? काकांनी?"

"माझ्या आईची शप्पथ घेऊ?" वाफकाका म्हणाला.

"त्यांनी नाही." डॉक्टरांनी वही खिळ्यावरून काढली आणि माझ्या मशीनवर उघडून ठेवली. त्यांचं बोट करडीच्या ओळीवर नव्हतं. ओळीच्या शेवटी, कोऱ्या जागेवर होतं. "ही वहीतल्या चौघांपैकी तिघांना दिसली. तुमच्या खिडकीसमोर तीनदा उभी होती. तुम्हाला दिसली नाही, यावर मी एक आठवडा विश्वास ठेवला. मग एक दिवस माझ्या खिडकीखाली तुम्ही तिला टेप लावताना दिसलात. मला वाटलं, झालं, ताई आता वर्णनात इंचही लिहिणार. दुसऱ्या दिवशी कोट घेऊन आलो. रकाना कोराच."

मी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

"तरी मी काही ठरवलं नव्हतं. आज पहिल्या मोजणीला ते पास झाले. लिहिता लिहिता मला हा कोरा रकाना आठवला." त्यांनी वही मिटली. "खूण केली असतीत तर मी एकदाच मोजला असता. खरं सांगतो."

"ब्रेक लागला असता का?" मी विचारलं. "तुमच्या पट्टीचं सोडा. एखादं पोर मधे आलं असतं तर?"

त्यांनी वही खिळ्याला परत अडकवली.

"बहुतेक वेळा," ते म्हणाले.

*

घरी.

डॉक्टरांनी टेप पाहिल्याचं मी त्याला सांगितलं.

"टेप लावलीस?"

"हो."

"सायकलला."

"हो."

"एकोणीस वर्षं मी बस चालवतो, आणि माझी बायको माझ्या सायकलला टेप लावते. मला विचारायचं होतंस."

"तू 'एकाला' विकलीस ना जुनी! मी 'एकाला' जाऊन विचारू?"

"फिटरला दिली. बदल्यात त्याने ही करून दिली. रोज चालवली की पाय सुटेल म्हणाला. सुटतही होता; चौकात आणण्याआधी फिटरच्याच गल्लीत फिरवायचो. दोन महिन्यांत चार अंश." तो बसला. उजवा पाय समोर लांब, पाहुण्यासारखा. "अजून तीन महिने मिळाले असते तर पट्टीचा बापही..."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" तो हसला, यावेळी एकटाच. "तू रस्त्यावरची प्रत्येक वाकडी सायकल वहीत लिहितेस. आणि ती वही वाचतं कोण?"

मी गळ्यातली टेप काढली आणि गुंडाळली.

"पण तू लिहिलीच नाहीस," तो म्हणाला. राग संपून त्या जागी कुतूहल आलं होतं, जे जास्त वाईट. "पहिल्याच दिवशी पाहिलीस?"

"पहिल्याच."

"आणि ओळखलीस."

"संशय आला."

"आणि तरी मला बसवर जाऊ दिलंस."

तो हे विचारत होता की सांगत होता, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मी बसमध्ये मागे बसले होते हे त्याला सांगितलं नाही. दीड पावलाचं सांगितलं नाही. डॉक्टरांचे ते दोन शब्द तर अजूनही सांगितलेले नाहीत. तो झोपला की माझ्याकडे तोंड करून झोपतो, आणि मला वाटतं डोळे मिटून जागा आहे.

आता तो साडेनऊला जातो, पार्सलवर शिक्के मारतो, सहाला येतो. करडी सगळ्यांसमोर दाराशी उभी असते. कुणी वळून बघत नाही. सहा महिन्यांतले दोन झाले. पाय किती सुटला, मी विचारत नाही. तो सांगत नाही. पँट इस्त्रीला मी वाफकाकाकडे टाकते आणि परत घेताना गुडघ्याकडे बघायचं नाही असं ठरवते, आणि बघते.

गुडघा आखडत गेला हळूहळू, पण दुखावला तो आठ वर्षांपूर्वी, लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना; खालची बाजू त्याने धरली होती, वरची मी.